सोलापुरात जुनं पिनबॉल मशीन : घेण्यापासून खेळण्यापर्यंत

पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी खेळवत गुण मिळवायचं यंत्र. जुनं पिनबॉल मशीन बघायला गेल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "चालू आहे का?" मीही तोच विचारला होता. समोरच्याने प्लग लावला, दिवे लागले, मी पैसे दिले. दिवे लागणं वेगळं आणि मशीन चालणं वेगळं, हे घरी आल्यावर कळलं. आज कोणी विचारलं तर मी सांगतो, बंद मशीन घ्या, पण पूर्ण मशीन घ्या. बंद पडलेलं सोलापुरात चालू करता येतं. हरवलेलं सोलापुरात मिळत नाही.

पिनबॉलचा निम्मा संसार म्हणजे कॉइल (वीज मिळाली की दांडा ओढणारी तारेची गुंडाळी), स्प्रिंग, लिव्हर, पत्तीचे स्विच आणि नटबोल्ट. लूम चालवणाऱ्या गावाला यात नवीन काही नाही. मोटर वाइंडिंगवाला, सुतार, काचवाला, बेअरिंगचं दुकान, एमआयडीसीत पावडर कोटिंग, सगळं रिक्षाच्या अंतरावर आहे. उरलेला निम्मा संसार मात्र त्या एकाच मॉडेलचा असतो: खेळाच्या फळीवरचं छापील चित्र, रंगीत प्लास्टिकचे तुकडे, पारदर्शक रॅम्प, मागची चित्राची काच, प्रोग्रॅमची चिप. यातलं काही गेलं की परदेशातून मागवणं आलं आणि मिळेलच असं नाही. खाली जे जे सांगतो आहे ते या एका फरकावर बेतलेलं आहे.

कुठल्या जातीचं घ्यायचं

लहानपणी लाकडी फळीवर खिळे ठोकलेला, स्प्रिंगच्या दांड्याने गोळी उडवायचा बोर्ड अनेकांच्या घरी होता. पिनबॉल त्याच घराण्यातलं. १९३१ साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीने 'बॅफल बॉल' काढला तेव्हा त्यात फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की गोळी परत वर मारणारे छोटे हात, नव्हतेच. गोळी सोडायची आणि नशिबाकडे बघत बसायचं. फ्लिपर आले १९४७ मध्ये, त्याच कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'त. न्यूयॉर्क शहराने तर हा जुगार आहे म्हणून त्यावर बंदी घातली होती, ती १९७६ मध्ये उठली. त्यामुळे घरातली वडीलधारी मंडळी "हे काय जुगाराचं यंत्र आणलंस" म्हणाली, तर ती अगदीच चुकीची नाहीत.

साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतची मशीन इलेक्ट्रोमेकॅनिकल. आत रिले (विजेने उघडणारे-मिटणारे स्विच), टप्प्याटप्प्याने फिरणारी चक्रं, गुण दाखवणारे ढोल आणि ते सगळं हलवणारी एक छोटी मोटर. चिप एकही नाही. त्यानंतरची सॉलिड स्टेट: सर्किट बोर्ड आले, आकड्यांचे डिस्प्ले आले आणि १९९१ च्या सुमारास ठिपक्यांचा डिस्प्ले आला. बॅली, विल्यम्स, गॉटलिब, स्टर्न, डेटा ईस्ट ही नावं तुम्हाला मशीनवर दिसतील.

माझं मत विचाराल तर घरात कोणी लूमवर जॉबर, म्हणजे यंत्र दुरुस्त करणारा, म्हणून काम केलेलं असेल, तर डोळे झाकून इलेक्ट्रोमेकॅनिकल घ्या. त्यातला प्रत्येक बिघाड डोळ्यांना दिसतो, फक्त शोधायला चिकाटी लागते. तुम्हाला मल्टिमीटर आणि सोल्डरिंग जमत असेल, तर १९८० ते १९९५ मधलं, भरपूर खपलेलं एखादं सॉलिड स्टेट मॉडेल बघा. भरपूर खपलेलं का? १९९२ च्या 'ॲडम्स फॅमिली'ची २० हजारांहून जास्त मशीन विकली गेली. अशा मॉडेलचे सुटे भाग लोक अजून नव्याने बनवतात. फार कमी निघालेलं मशीन स्वस्तात मिळालं, तरी पहिल्या वेळेला त्याच्या नादी लागू नका.

जागा आधी मोजा

एका मशीनला ढोबळमानाने ७५ सेंटिमीटर रुंद आणि १४० सेंटिमीटर लांब जागा लागते, उंची १९० च्या आसपास, आणि पुढे खेळणाऱ्याला उभं राहायला तेवढीच मोकळीक. वजन सव्वाशे किलोच्या आगेमागे. पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली प्लास्टिकचे रॅम्प वाकतात आणि रबर महिन्याभरात कडक भाकरीसारखं होतं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर मागच्या काचेवरचं चित्र फिकं पडतं. भिंतीत तीन पिनचा, अर्थिंग खरंच चालू असलेला प्लग हवा. 'खरंच' मुद्दाम म्हटलं. जुन्या पेठांतल्या घरांत तिसरी पिन बऱ्याचदा शोभेला असते.

बघायला जाताना

गावात असं मशीन मिळणं म्हणजे लॉटरी. बंद पडलेली गेम पार्लर, जुने क्लब, रिसॉर्टची गोदामं आणि ऑनलाइन जाहिराती हेच मार्ग, आणि त्यासाठी पुणे, मुंबई नाहीतर हैदराबादला जायची तयारी ठेवायची. परदेशातून वापरलेलं मशीन थेट मागवायचा मोह झाला, तर पैसे पाठवायच्या आधी कस्टमचं काम करणाऱ्या एजंटाकडे बसा. जुन्या मालाचे नियम नव्या मालासारखे नसतात.

निघण्याआधी विक्रेत्याकडून मशीनचं नाव आणि फोटो घ्या. 'इंटरनेट पिनबॉल डेटाबेस' नावाच्या संकेतस्थळावर जवळपास प्रत्येक मॉडेलचं पान आहे. फोटो आहेत, पुष्कळांचं मॅन्युअलही आहे. तिथले फोटो मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि मशीनसमोर उभं राहून एकेक प्लास्टिक, एकेक रॅम्प, एकेक खेळणं ताडून बघा. याला अर्धा तास लागतो. विक्रेता चहा मागवतो, घाई करतो, "साहेब सगळं ओरिजिनल आहे" म्हणतो. चहा प्या, पण ताडून बघणं सोडू नका.

मग डोकं उघडायला सांगा, म्हणजे मागचा उभा खोका, बॅकबॉक्स. "किल्ली हरवलीय" असं उत्तर आलं, तर कुलूप ड्रिलने उडवायची परवानगी मागा. नवं कुलूप स्वस्तात बसतं. न उघडलेल्या डोक्याचे पैसे देऊ नका.

आत पहिली नजर बॅटरीवर. सॉलिड स्टेट मशीनच्या मुख्य बोर्डावर गुण लक्षात ठेवण्यासाठी तीन पेन्सिल सेल किंवा सोल्डर केलेली छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. ती वर्षानुवर्षं तशीच राहिली की गळते, आणि ते पाणी तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतं. हिरवट-निळी बुरशी बॅटरीभोवतीच असेल तर वाचवता येतं. चिपच्या सॉकेटपर्यंत पोचली असेल तर नवा बोर्ड लागेल असं धरून भाव करा. दुसरी नजर कनेक्टरवर: प्लास्टिक तपकिरी, जळकट झालंय का? दिव्यांच्या लाइनचा कनेक्टर बहुतेक मशीनमध्ये थोडा भाजलेला असतोच, त्याला घाबरू नका, पण किमतीत धरा. तिसरी नजर फ्यूजवर. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिसली, तर ज्या कारणाने फ्यूज उडत होता ते कारण अजून आत बसलंय असं समजा.

खेळाच्या फळीला सगळे प्लेफील्डच म्हणतात. तिच्यावर खड्ड्यांच्या कडा आणि फ्लिपरसमोरची जागा बघा. रंग झिजून लाकूड दिसत असेल तर ते पूर्ववत होणं अवघड. मागच्या काचेवर आतल्या बाजूने चित्राचे पोपडे सुटलेत का, तेही बघा. शेवटी टॉर्च घेऊन खोक्याच्या तळाशी वाका. वाळवीचा भुगा, उंदराच्या लेंड्या, कुरतडलेल्या वायरी. वाळवी लागलेली प्लाय सुतार बदलून देईल. कुरतडलेल्या वायरींचा जुडगा ही मात्र पावसाळाभराची बैठक आहे.

आणताना

काच आधी काढा. ती टफन्ड असते, सपाट बाजूवर मार सोसते, पण कडा फरशीला टेकली की शेंगदाण्याएवढ्या तुकड्यांचा ढीग होतो. म्हणून नेहमी कापडावर उभी करायची. गोळ्या बाहेर काढा. डोकं पुढे दुमडता येत असेल तर मध्ये चादर घालून दुमडा आणि पट्ट्याने बांधा. पाय सोडवून बोल्ट पिशवीत ठेवा. ते तीन सुताचे, म्हणजे ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचे असतात. हरवले म्हणून कोणी १० एमएमचा बोल्ट ठोकून बसवला, तर आतली चकती कायमची बाद होते. मी पुण्याहून छोट्या टेम्पोत आणलं, चार जुन्या सोलापुरी चादरींत गुंडाळून. अडीचशे किलोमीटरमध्ये ओरखडाही नाही. आपल्या चादरींचा हा उपयोग जाहिरातीत कोणी का दाखवत नाही, कोण जाणे.

वीज देण्याआधी

सगळ्यात जास्त मशीन इथेच मरतात. घरी आलं की पोरं भोवती जमतात आणि कोणीतरी प्लग लावतं. लावू देऊ नका.

अमेरिकेतलं मशीन ११५ व्होल्टचं असतं, आपली वीज २३० ची. निर्यातीसाठी बनवलेलं असेल किंवा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे वीज आत येते त्या वाइंडिंगवर, जोडण्या बदलायची सोय असेल, तर मॅन्युअलमध्ये त्याचा नकाशा असतो. त्याप्रमाणे जोड बदला, लाइन फ्यूज २३० व्होल्टसाठी लिहिलेल्या अँपिअरचाच घाला, आणि प्लगजवळच्या डब्यातला व्हेरिस्टर नावाचा गोल चकतीसारखा भागही २३० व्होल्टचा बसवा. हा व्हेरिस्टर विसरला की पहिल्याच झटक्यात शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो. मी बसलो होतो. अशी सोय नसेल तर वाइंडिंगवाल्याकडून २३० ते ११५ चा ट्रान्सफॉर्मर करून घ्या, ७५० ते १००० व्हीएचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण तो लाइनपासून वेगळेपणा देत नाही. घरच्या साध्या, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मशीन चालवू नका.

जुन्या केबलला दोनच पिना असतील तर केबल बदला आणि हिरवी वायर ट्रान्सफॉर्मरच्या धातूच्या पट्टीला, पुढच्या दाराला आणि पायांच्या बोल्टपर्यंत न्या. पोरांचे हात सतत त्या धातूला लागणार आहेत.

आता सिरीज बोर्ड काढा. प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब असलेला. लाइन फ्यूज सोडून आतले सगळे फ्यूज काढून ठेवा आणि मशीन सिरीजमधून लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ट्रान्सफॉर्मर ठीक. तसाच भगभगत राहिला तर शॉर्ट आहे, बंद करा. हे पार पडलं की सिरीज काढा आणि एकेक फ्यूज परत घाला, दर वेळी मशीन बंद करून. सॉलिड स्टेट असेल तर आधी लॉजिकच्या, म्हणजे सर्किट बोर्डांच्या, पाच व्होल्टचा: बोर्डाचे कनेक्टर सोडलेले असताना ४.९ ते ५.१ च्या दरम्यान आकडा आला तरच बोर्ड जोडा. मग दिव्यांचा. कॉइलचा सगळ्यात शेवटी. तो घालून मशीन चालू केल्याबरोबर एखादी कॉइल खटकन ओढली जाऊन गुणगुणत राहिली, तर त्याच क्षणी बंद करा. तिचा ट्रान्झिस्टर, म्हणजे तिला चालू-बंद करणारा बोर्डावरचा भाग, शॉर्ट झालाय, आणि अर्ध्या मिनिटात कॉइलचा वास येईल.

हात घालताना प्लग काढलेलाच असावा, नुसतं बटण बंद नको. जुन्या आकड्यांच्या डिस्प्लेला १७० ते १९० व्होल्ट डीसी लागतात, आणि कपॅसिटर बंद झाल्यावरही थोडा वेळ ते धरून ठेवतात.

गळकी बॅटरी असेल तर कापून काढा, डागावर पांढरं व्हिनेगर कापसाने लावा, फेस थांबला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि बोर्ड पूर्ण वाळू द्या. नवे सेल बोर्डावर बसवायचेच नाहीत. दोन वायरी काढून सेलचा डबा खाली, बोर्डापासून लांब ठेवायचा.

साफसफाई

पाण्याची वाट बघणाऱ्या गावाला यात एक सोय आहे, प्लेफील्डला पाणी लावायचंच नसतं. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर स्क्रू त्या भागाबरोबर छोट्या पिशवीत. मऊ कापड आणि लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था पुरे. खिडक्या उघड्या, मशीनचा प्लग काढलेला, आणि आसपास विडी-उदबत्ती काही नको. मग गाडीचं कार्नोबा वॅक्स. चित्रावर पारदर्शक फिल्म चिकटवलेली असेल आणि कडा सुटल्या असतील, तरी ओढू नका, रंग तिच्याबरोबर येतो.

रबरी रिंगा सगळ्या बदला. संच मॉडेलच्या नावाने मागवता येतो, आणि आपल्या उन्हाला सिलिकॉनच्या जास्त टिकतात. गोळीही नवी घ्या. ती एक इंच अर्ध्या सुताची, म्हणजे २७ मिलिमीटर, ८० ग्रॅमची असते. बेअरिंगच्या दुकानात मिळते, पण कार्बन स्टीलची मागा. क्रोम स्टीलची गोळी चुंबक असलेल्या मशीनमध्ये चुंबकत्व धरून बसते. खरवडलेली जुनी गोळी रोज थोडी थोडी फळी पॉलिश पेपरसारखी घासत असते.

स्विचच्या पत्त्या साफ करायला जाड व्हिजिटिंग कार्ड दोन पत्त्यांमध्ये धरून ओढा. सॉलिड स्टेट मशीनमध्ये त्यांच्या टोकाला सोन्याचा मुलामा असतो. कानस लावली तर तो गेला. फ्लिपरचे जाड टंगस्टनचे पॉइंट मात्र कानसीनेच साफ होतात.

फ्लिपर

खेळात जीव आहे तो इथे. फ्लिपर मरगळलेला असला की लोक कॉइल बदलतात, आणि कॉइल बहुधा चांगली असते. आतली नायलॉनची नळी झिजलेली असते, लोखंडी दांड्याचं टोक मार खाऊन मशरूमसारखं फुललेलं असतं, किंवा टोकाचा स्विच काळा पडलेला असतो. या कॉइलला दोन वाइंडिंग असतात, एक दणका द्यायला, दुसरं नुसतं धरून ठेवायला. फ्लिपर वर पोचला की टोकाचा स्विच उघडतो आणि पहिलं वाइंडिंग धरून ठेवणाऱ्या दुसऱ्याच्या मागे सिरीजमध्ये जातं. स्विच काळा असेल तर दणका मिळत नाही. स्विच उघडतच नसेल तर कॉइल जळते. १९९० च्या दशकातल्या बऱ्याच मशीनमध्ये हे उलटं आहे, तिथे हा स्विच वर पोचल्यावर मिटतो, म्हणून मॅन्युअल बघा.

कॉइल खरंच जळली असेल तर वाइंडिंगवाल्याकडे जायला हरकत नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. विल्यम्सच्या कॉइलवर एई-२३-८०० असं काही लिहिलेलं असतं: २३ गेजची तार, ८०० फेरे. हा अमेरिकन गेज. आपला वाइंडिंगवाला २३ म्हटलं की ब्रिटिश २३ धरतो, आणि ती तार ०.६१ मिलिमीटरची, हवी असते ०.५७ ची. त्यामुळे गेज सांगूच नका, मिलिमीटर सांगा. सॉलिड स्टेट मशीनच्या कॉइलवर डायोड असेल तर पट्टीची बाजू सप्लायच्या टोकाला. उलटा लागला की फ्यूज किंवा ट्रान्झिस्टर, दोघांतलं एक जातं.

आणि तेल नाही. माझ्याकडे पहिल्या दिवशी मदतीला आलेल्या जॉबरमामांनी सवयीने खिशातून तेलाची बुधली काढली. लूमला तेल पाजल्याशिवाय चालत नाही, हे त्यांचं चाळीस वर्षांचं ज्ञान. पण कॉइलमधली नायलॉनची नळी कोरडीच चालते; तेल लागलं की धुळीचा चिकट लगदा होतो आणि फ्लिपर अर्ध्यावर थांबतो. "मग हे यंत्र कसलं," मामा म्हणाले. दुपारभर रुसले होते. संध्याकाळी फ्लिपरची पहिली कॉइल त्यांनीच बसवली.

खेळायला लावताना

प्लेफील्डवर मोबाइलचं लेव्हल ॲप ठेवा, काचेवर नको. आडवं शून्य, उभा उतार सॉलिड स्टेटला साडेसहा अंशांच्या जवळपास, इलेक्ट्रोमेकॅनिकलला साडेतीन ते चार. पायांखालचे स्क्रू फिरवून हे साधतं. काच नवी करायची तर बहुतेक मशीनला २१ बाय ४३ इंच लागते, जाडी दीड सूत. टफन करण्याआधीच मापाची कापावी लागते, म्हणून काचवाल्याला खाचेचं माप स्वतः मोजून द्या. नाण्याची चिंता नको. सॉलिड स्टेटमध्ये बहुधा सेटिंगमधून फुकट खेळ चालू होतो. नसेल तर पुढच्या दारामागचा नाण्याचा स्विच बोटाने दाबला की झालं.

टिल्टचा, म्हणजे मशीन फार हललं की डाव थांबवणारा, लोलक सुरुवातीला सैल ठेवा. पोरं मशीनला धक्के देणारच, आणि दर धक्क्याला डाव संपला तर दोन दिवसांत कंटाळतील. आठवडाभराने एकेक आटा वर चढवा.

शेवटची वायर नॉकरची. जास्त गुण झाले की खोक्याच्या लाकडावर आतून ठोका देणारी ही कॉइल असते, आवाज गोळी सुटल्यासारखा. गेम पार्लरमध्ये चारचौघांनी वळून बघावं म्हणून होती. घरी रात्री साडेदहाला वाजली तर शेजारचे गॅलरीत येतात. मी तिच्या वायरीत एक साधं बटण घातलंय. दिवसा चालू, रात्री बंद, आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मात्र रात्रीही चालू, कारण तेव्हा होम मैदानावरचाच आवाज एवढा असतो की आमच्या ठोक्याकडे कोणी लक्ष देत नाही.